शाळेच्या खोलीमागचं कर्ज दाखवणारं संकेतस्थळ : 'एम्मा' वापरून पाहताना

शाळेच्या इमारतीसाठी किती कर्ज काढलं, ते कोणाच्या खिशातून फिटणार आणि शेवटचा हप्ता कोणत्या साली जाणार, हे कोणालाही घरबसल्या, फुकट आणि कोणाची परवानगी न घेता पाहता यायला हवं. 'एम्मा' हे अमेरिकी संकेतस्थळ नेमकं हेच दाखवतं. पूर्ण नाव इलेक्ट्रॉनिक म्युनिसिपल मार्केट ॲक्सेस. नाव ऐकून हे शेअर बाजारवाल्यांचं काम वाटतं. मला मात्र ते शाळेच्या पालकांनी वापरावं असं साधन वाटलं, आणि म्हणून हा परिचय लिहिते आहे.

मी धरमपेठेत एका सीएंच्या ऑफिसात ऑडिटचं काम बघते. मुलगी दक्षिण नागपुरातल्या एका महापालिकेच्या शाळेत आहे. शाळेचं नाव इथे लिहीत नाही. मी तिथल्या शाळा व्यवस्थापन समितीवर आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 21 नुसार या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या महिला. कलम 22 प्रमाणे शाळेचा विकास आराखडा याच समितीने करायचा असतो. आराखड्यात वर्गखोल्यांचा रकाना आला की आमच्याकडे गाडी अडते. कागदावर आठ खोल्या आहेत. प्रत्यक्षात दोन खोल्यांत दुसऱ्याच कार्यालयाचं जुनं रेकॉर्ड कुलूपबंद आहे, एकीत अंगणवाडी भरते, एकीत तांदळाची पोती आणि गॅसची शेगडी. उरल्या चार. पहिली-दुसरी एकत्र बसतात ती त्यामुळे. समितीतले एक भाऊ म्हणाले, "मॅडम, आठच लिहून द्या ना. वरून कोण मोजायला येऊन राहिलं?" माझं म्हणणं होतं की लिहायचं तर खरं लिहू, आणि प्रत्येक खोली कोणत्या पैशातून बांधली तेही लिहू. दोन खोल्यांवर सर्व शिक्षा अभियानाचा रंगवलेला फलक आहे, एकीवर आमदार निधीची कोनशिला. बाकीच्या पाच खोल्यांच्या भिंती काहीच सांगत नाहीत.

माझा मावसभाऊ कॅलिफोर्नियात राहतो. त्याची मुलगी चार्टर शाळेत जाते, म्हणजे सरकारी पैशावर पण स्वतंत्र व्यवस्थापनाने चालणाऱ्या शाळेत. ही शाळा एका सरकारी शाळेच्याच इमारतीच्या अर्ध्या भागात भरते. सरकारी शाळेने परक्या शाळेला खोल्या का द्याव्यात, असं मी त्याला विचारलं. तो म्हणाला, "ताई, दिलं नाही तर कायदा मोडतो. आणि तो कायदा कर्जाच्या कायद्यातच आहे." हे ऐकल्यावर मी कामाला लागले.

तो कायदा म्हणजे नोव्हेंबर 2000 मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी मंजूर केलेला प्रस्ताव 39. तोवर तिथल्या शाळा-जिल्ह्याला बांधकामासाठी रोखे काढायचे, म्हणजे बाजारातून कर्ज उचलायचं, तर दोन तृतीयांश मतं लागायची. (तिकडचा शाळा-जिल्हा म्हणजे महसुली जिल्हा नव्हे. फक्त शाळा चालवणारी ती वेगळी निवडलेली संस्था असते.) प्रस्ताव 39 ने ही अट 55 टक्क्यांवर आणली. कर्ज सोपं झालं, पण त्यासोबत अटी आल्या. कोणती कामं करणार त्यांची यादी आधी जाहीर करायची. पैसा शिक्षकांच्या पगारावर किंवा इतर चालू खर्चावर वापरायचा नाही. दरवर्षी कामाचं आणि पैशाचं असं दोन्ही लेखापरीक्षण करायचं. एकीकृत शाळा-जिल्ह्यात, म्हणजे जिथे पहिलीपासून बारावीपर्यंतच्या शाळा एकाच संस्थेकडे असतात तिथे, एका निवडणुकीतल्या रोख्यांपायी 1 लाख डॉलर मूल्याच्या मालमत्तेमागे वर्षाला 60 डॉलरपेक्षा जास्त कर बसू नये. याच कायद्यात जागेची अटही आहे : जिल्ह्यातली किमान 80 मुलं एखाद्या चार्टर शाळेत शिकत असतील, तर जिल्ह्याने तिला आपल्या इतर शाळांसारखीच, सलग आणि बाकं-फळ्यांसह जागा द्यायची. जागेचं हे बंधन सगळ्यांना तीन वर्षांनी लागू होणार होतं. पण मधल्या काळात ज्या जिल्ह्याने बांधकामाचे रोखे मंजूर करून घेतले, त्याला ते पुढच्या 1 जुलैपासूनच लागू झालं. म्हणजे आधी कर्ज घेणाऱ्याने जागाही आधी द्यायची. मी बरेच कायदे वाचले आहेत, पण पैसा आणि खोली यांची इतकी सरळ गाठ बांधलेली मला दुसरीकडे दिसली नव्हती.

आता संकेतस्थळ. अमेरिकी संसदेने 1975 मध्ये म्युनिसिपल सिक्युरिटीज रूलमेकिंग बोर्ड नावाची संस्था स्थापन केली. एम्मा ती चालवते. 2009 च्या जुलैपासून तिथल्या शहरांच्या, काउंट्यांच्या (काउंटी म्हणजे साधारण आपला महसुली जिल्हा) आणि शाळा-जिल्ह्यांच्या रोख्यांची कागदपत्रं ठेवण्याची हीच अधिकृत जागा आहे. वाचायला खातं उघडावं लागत नाही. पहिल्यांदा एका अटींच्या पानावर 'मान्य' म्हणावं लागतं, मग सगळं खुलं. राज्य निवडायचं, रोखे काढणाऱ्या संस्थेचं नाव शोधायचं, की तिने काढलेले रोखे वर्षवार समोर येतात. त्या प्रत्येकाचं 'ऑफिशियल स्टेटमेंट' उघडतं, आणि माझ्या मते संकेतस्थळाचा खरा ठेवा तोच आहे.

हे स्टेटमेंट म्हणजे शे-दोनशे पानांचा दस्तऐवज. पहिल्या पानावरचं बाजारू इंग्रजी वाचून घाबरायला होतं. तिथे थांबू नका. मधली पानं आणि परिशिष्टं उघडलीत की शाळेचं सगळं घर दिसतं : जिल्ह्याची पटसंख्या गेली काही वर्षं वाढली की घटली, पुढे काय अंदाज आहे, मालमत्तांचं एकूण करमूल्य किती, सर्वांत मोठे वीस करदाते कोण, चार्टर शाळा किती, शिक्षकांच्या निवृत्तिवेतनाचा बोजा केवढा. एक तक्ता तर मी आमच्या ऑफिसातल्या सगळ्यांना दाखवला. त्यात त्या जिल्ह्याचं स्वतःचं कर्ज असतंच, शिवाय त्याच घरांवर कर लावणाऱ्या शहराचं, काउंटीचं, महाविद्यालयीन जिल्ह्याचं कर्जही असतं, आणि त्यातला या जिल्ह्याच्या घरमालकांवर येणारा वाटा वेगळा काढलेला असतो. एकाच घरावर किती संस्थांनी उसनवारी केली आहे ते एका पानात. आमचे सर ताळेबंद वाचण्यात मुरलेले आहेत. तेही चष्मा वर करून म्हणाले, "असं आपल्याकडे कोणी छापून देईल तर फी न घेता ऑडिट करून देईन."

लॉस एंजेलिसचा जिल्हा मी सविस्तर वाचला. नोव्हेंबर 2002 मध्ये 3.35 अब्ज डॉलर, 2004 मध्ये 3.87 अब्ज, 2005 मध्ये 3.985 अब्ज, 2008 मध्ये 7 अब्ज, 2020 मध्ये पुन्हा 7 अब्ज, 2024 मध्ये 9 अब्ज, अशी मंजुऱ्यांची रांग आहे. त्यामागे गर्दी होती. तिथल्या अनेक शाळा मुलांचे तीन गट करून, दोन गट शाळेत आणि एक सुट्टीवर, अशा फेऱ्यांनी वर्षभर चालायच्या. त्यातल्या एका पद्धतीत मुलांना वर्षाला 180 ऐवजी 163 दिवसच शाळा मिळायची. दिवस थोडे लांबवून तास भरून काढत, पण शाळेचे दिवस तर गेलेच. सकाळ पाळी-दुपार पाळीत वाढलेल्या आपल्या माणसांना यातली ओढाताण वेगळी समजवावी लागणार नाही. या कर्जांतून शंभरावर नव्या शाळा उभ्या राहिल्या आणि ती फेऱ्यांची पद्धत मागे पडली. कर्ज म्हटलं की आपण तोंड वाकडं करतो, पण मुलांना वर्षाचे पूर्ण दिवस शाळा मिळवून देणारं कर्ज चांगलंच, असं मला ठामपणे वाटतं.

आणि वाईट कर्जही इथेच उघडं पडतं. सॅन दिएगोजवळच्या पोवे जिल्ह्याने 2011 मध्ये सुमारे 10.5 कोटी डॉलर उचलले. करदर वाढणार नाही असं मतदारांना सांगितलं होतं, म्हणून परतफेड वीस वर्षांहून जास्त पुढे ढकलली, 2033 पासून सुरू होईल अशी. तोवर व्याज मुद्दलात मिळत राहणार. एकूण परतफेड जवळजवळ 98 कोटी डॉलर. ज्यांनी मत दिलं त्यांची नातवंडं हे फेडणार! मी हा परतफेडीचा तक्ता छापून घेऊन पेन्सिलीने वर्षांवर खुणा करत बसले होते. सुरुवातीच्या ओळींत नुसती शून्यं, आणि मग एकदम मोठमोठे आकडे. यावरून गदारोळ झाला आणि 2013 मध्ये राज्याने कायदा केला : असे रोखे 25 वर्षांपेक्षा जास्त मुदतीचे नकोत, आणि एकूण परतफेड मुद्दलाच्या चौपटीच्या वर नको. 2014 पासून तो लागू आहे. कागद उघड्यावर असल्याशिवाय कुठला पत्रकार किंवा कुठला पालक हे शोधू शकला असता?

एम्माची मर्यादाही सांगते. कर्ज कितीचं ते इथे पक्कं कळतं. खोली कोण वापरतंय ते कळत नाही. चार्टर शाळांना दिलेल्या जागांचे वाद तर खोल्यांच्या मोजणीवरच होतात. लॉस एंजेलिसचा जिल्हा आपल्या ठरवलेल्या सरासरीने, एका खोलीत इतकी मुलं असं धरून, चार्टर शाळांना खोल्या देत असे. 2015 मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने ते नाकारलं. तुलनेसाठी घेतलेल्या शाळांमध्ये प्रत्यक्षात असलेल्या वर्गखोल्या मोजूनच हिशेब करा, असं सांगितलं. हा निकाल वाचताना मला आमच्या त्या दोन कुलूपबंद खोल्या आठवत होत्या. खोली आहे की नाही आणि ती वर्गासाठी मिळते की नाही, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. एम्मावर त्यातल्या पहिल्याचंही उत्तर अर्धवट मिळतं. दुसऱ्यासाठी त्या जिल्ह्याच्या संकेतस्थळावर जाऊन देखरेख समितीची टिपणं चाळावी लागतात. ही समिती प्रस्ताव 39 सोबतच्या कायद्याने बंधनकारक केली. किमान सात सदस्य, त्यांत एक व्यापारी संघटनेतला, एक ज्येष्ठ नागरिक संघटनेतला, एक करदात्यांच्या संघटनेतला, एक शिकणाऱ्या मुलाचा पालक, एक पालक-शिक्षक संघात काम करणारा पालक. जिल्ह्याचा कर्मचारी किंवा ठेकेदार त्यात बसू शकत नाही. ही शेवटची अट मला फार आवडली.

जागा आणि उसनवारी यांची दुसरी गाठ कॅलिफोर्नियाच्याच 1998 च्या कायद्यात आहे. ती एम्मावर थेट सापडत नाही, पण स्टेटमेंट वाचताना लागते. नवीन घरं बांधणाऱ्या बिल्डरकडून जिल्ह्याला शाळेसाठी जास्तीचं शुल्क घ्यायचं असेल तर चारपैकी दोन गोष्टी दाखवाव्या लागतात : बरीच मुलं त्या फेऱ्यांच्या पद्धतीत शिकतात, गेल्या चार वर्षांत रोख्यांसाठी मतदान घेतलं आणि निम्म्याहून जास्त मतं मिळाली, कर्ज काढण्याच्या क्षमतेचा ठरावीक हिस्सा, सर्वसाधारणपणे 15 टक्के, आधीच वापरला आहे, किंवा किमान 20 टक्के वर्ग हलवता येणाऱ्या तात्पुरत्या खोल्यांत भरतात. थोडक्यात, दुसऱ्याकडे मागण्याआधी स्वतः काय केलंस ते दाखव. आमच्या नागपुरात बेसा, हुडकेश्वर, मनीषनगरकडे ज्या वेगाने इमारती उठल्या आहेत, तिथल्या पालकांनी तरी हा कायदा जरूर वाचावा. तिथे फ्लॅट आधी येतात, शाळेची इमारत मागून येते, आणि मधली वर्षं मुलं ऑटोत बसून शहरात येतात.

आपल्याकडे काय आहे? घर टॅक्सचं बिल काढून बघा. त्यावर शिक्षण कराची ओळ असते. महाराष्ट्राच्या 1962 च्या शिक्षण आणि रोजगार हमी उपकर कायद्याखालची ही वसुली महापालिका करते आणि राज्याकडे भरते. म्हणजे नागपूरकर घरावर शाळेसाठी कर देतातच. पण तो कर आणि माझ्या मुलीच्या वर्गाची भिंत यांच्यामध्ये वाचता येईल असा एकही कागद नाही. नागपूर महापालिकेला रोखेही नवे नाहीत. 2001 मध्ये पाणीपुरवठ्यासाठी तिने रोख्यांतून पैसा उभा केला होता. त्याआधी 1998 मध्ये अहमदाबादने 100 कोटींचे काढले, पुढे 2017 मध्ये पुण्याने पाण्यासाठीच 200 कोटींचे. सेबीचे या रोख्यांसाठीचे नियम 2015 पासून आहेत. पाण्याच्या नळासाठी हे सगळं जमतं तर वर्गखोलीसाठीही जमलं पाहिजे. पण उद्या कोणी शाळांसाठी रोखे काढायचं ठरवलंच, तर त्याच ठरावात खोल्यांची यादी, परतफेडीचा तक्ता आणि पालकांची देखरेख या तिन्ही गोष्टी बांधलेल्या असल्याशिवाय मी त्याला पाठिंबा देणार नाही. पोवेचा तक्ता पाहिल्यावर तर नाहीच.

जागा वाटून घेण्याचा प्रश्नही आपल्या दारात आला आहे. महापालिकेच्या इमारतींत आकांक्षा फाउंडेशन इंग्रजी माध्यमाच्या शाळा चालवते. पालकांची तिथे ओढ आहे, आणि ते मला योग्यच वाटतं. पटसंख्या घटलेल्या मराठी शाळेच्या रिकाम्या खोल्या कोणाला, कोणत्या अटीवर द्यायच्या, हे मात्र आधीच लिहून ठेवलेलं बरं. कॅलिफोर्नियात त्यासाठी तारखा ठरलेल्या आहेत : चार्टर शाळेने 1 नोव्हेंबरपर्यंत मागणी करायची, जिल्ह्याने 1 फेब्रुवारीपर्यंत प्राथमिक आणि 1 एप्रिलपर्यंत अंतिम जागा सांगायची. भांडणं तिथेही होतात. पण शाळा उघडताना कुलपाची चावी कोणाकडे, अशी वेळ येत नाही.

वापराच्या काही गोष्टी. मोबाइलवर हे काम करू नका. तक्ते आडवे असतात आणि बोटाने सरकवता सरकवता ओळ सुटते. मोठा पडदा नसेल तर हवी तेवढीच पानं छापून घ्या. इंग्रजी जड आहे, हे खरं. पण संज्ञा ठरावीक आहेत आणि एक दस्तऐवज पुरा केला की बाकीचे त्याच साच्याचे निघतात. रोख्यांच्या खरेदी-विक्रीचे भाव, पतमानांकन वगैरे भागात पालकांचं काही काम नाही, तो सरळ ओलांडा. एखाद्या संस्थेचे नवे कागद आले की ईमेलने कळण्याची सोय आहे, तिच्यासाठी मात्र नाव नोंदवावं लागतं. मराठीत किंवा कोणत्याही भारतीय भाषेत काही मिळेल ही अपेक्षा नको.

या वाचनाचा आमच्या शाळेला झालेला उपयोग सांगते. आराखड्यातल्या 'वर्गखोल्या : आठ' या एका ओळीच्या जागी आम्ही खोलीनिहाय तक्ता केला. खोली क्रमांक, बांधकामाचं साल, पैसा कोणत्या निधीतून, दुरुस्ती शेवटची कधी, सकाळी कोण वापरतं, दुपारी कोण वापरतं. मुख्याध्यापिका मॅडम आधी कचरल्या. म्हणाल्या, "ताई, रिकामे रकाने पाहून वरचे मलाच विचारतील ना." मग त्यांनीच जुनी दफ्तरं काढली आणि आणखी तीन खोल्यांची सालं सापडली. ज्यांचं काही सापडलं नाही तिथे 'नोंद उपलब्ध नाही' असं स्वच्छ लिहून आराखडा पाठवला. 'आठच लिहा' म्हणणाऱ्या भाऊंनीच टेप धरून खोल्यांची लांबी-रुंदी मोजली.

ज्यांना एम्मा उघडून पाहायचं आहे त्यांनी पोवेच्या 2011 च्या दस्तऐवजापासून सुरुवात करावी, आणि त्याच्या शेजारी 2014 नंतरच्या कॅलिफोर्नियातल्या कोणत्याही जिल्ह्याचा परतफेडीचा तक्ता उघडून ठेवावा.